रामाचं शेवटचं पान

भाचीचा चार दिवसांचा ताप उतरला होता, पण डोळे अजून जड होते. वाचायला मनाई, पडद्याकडे बघायलाही मनाई. म्हणून दोन दुपारी मी तिच्या पलंगाशी बसून एक अख्खी कादंबरी तिला तोंडी सांगितली. आर्थर सी. क्लार्क यांची ‘रांदेव्हू विथ रामा’. रामा नाव दिलेला एक प्रचंड पोकळ दंडगोल सूर्यमालेत शिरतो, माणसं त्याच्या आत जातात, जमेल तेवढं बघतात, बाहेर येतात आणि दंडगोल निघून जातो, एवढीच गोष्ट. ती पाय भिंतीला लावून, डोकं पलंगाच्या कडेला ठेवून ऐकत होती. मधूनमधून फक्त “मग?” एवढंच. मी गोष्ट संपवली आणि पाणी प्यायला उठले, तेवढ्यात तिनं विचारलं, “मग ते होते तरी कोण?” म्हटलं, ते कळत नाही. “आलेच नाहीत बाहेर?” नाही. “एकदासुद्धा नाही? खिडकीतूनही नाही?” त्याला खिडक्याच नव्हत्या गं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपण येऊन गेलो, हे तरी कळलं का त्यांना?” मी बहुतेक नाही म्हटलं. तिनं पाय खाली घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि अगदी हळू म्हणाली, “मग मला नको ही गोष्ट.”

तापातून उठलेल्या मुलांची चिडचिड असते, हे मला कळतं. पण तिचा आवाज चिडलेला नव्हता. दुखावलेला होता. ते वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या मागे लागलं. भांडी आवरताना, झोप येत नसताना, मध्येच कधीही आठवायचं. कारण जी गोष्ट तिला नकोशी झाली, ती मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वाचली आहे. आणि तिला जे लागलं तेच मला त्यात आवडत आलंय, असं मी समजत होते.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा सतरा वर्षांची होते. वाचनालयाची प्रत होती. पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली, पानांना दमट कपाटाचा वास. उघडली की पाठीतून खळीचा भुगा मांडीवर पडायचा. मी ती एका रात्रीत वाचली आणि शेवटी येऊन थबकले, कारण शेवटचं पानच नव्हतं. कुणी फाडलंय असंही वाटत नव्हतं, ते बहुधा गळून पडलं असावं. आतल्या बाजूला नुसता दोरा लोंबत होता. रामा सूर्याला वळसा घालून मोठ्या मॅगेलानिक मेघाच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेच्या दिशेनं निघालेला, मागे राहिलेली माणसं आपापल्या कामाकडे वळलेली, आणि मग मागचा पुठ्ठा. मला काहीच अपुरं वाटलं नाही. हीच गोष्टीची तऱ्हा असणार, असं धरून मी पुस्तक मिटलं. पुढे नऊ-दहा वर्षांनी दुसरी प्रत हाती आली तेव्हा कळलं, की आणखी काही ओळी होत्या. ते शेवटचं वाक्य मी इथं लिहिणार नाही, कारण ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्याकडून मला ते हिरावून घ्यायचं नाही. एवढंच सांगते, की ते वाचल्यावर मी पुस्तक उघडं ठेवून खोलीत येरझाऱ्या घातल्या होत्या.

भाचीला गोष्ट सांगताना मी ते वाक्य सांगितलंच नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. जिथे माझी पहिली प्रत संपली होती तिथेच माझी जीभ थांबली. हे लक्षात आलं ते चार दिवसांनी.

या कादंबरीतली माणसं मला फारशी आठवत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. कप्तान नॉर्टन दिसायला कसा होता हे मी सांगू शकणार नाही. तो चांगला आहे, सावध आहे, आपल्या लोकांची काळजी घेतो, बस्स. पात्रांमध्ये जीव हवा असं मानणाऱ्या वाचकाला हे पुस्तक कोरडं वाटेल, आणि ती तक्रार खोटी नाही. पण दंडगोलात उतरायचा तो जिना मला गुडघ्यांत आठवतो. रामा स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे आतल्या भिंतीकडे जावं तसं वजन वाढतं; अक्षाशी ते शून्य, म्हणून सुरुवातीला नुसतं हातांनी ओढत जायचं; मग शिडी; मग पायऱ्या; आणि प्रत्येक टप्प्यागणिक शरीर थोडं थोडं जड होत जातं. खाली उतरणं सोपं. परत वर चढायचंय, हा विचार मात्र सगळ्यांच्या डोक्यात आणि वाचणाऱ्याच्या पोटऱ्यांत. आणि हे सगळं काळोखात. आतलं जग केवढं आहे हे कळावं म्हणून नॉर्टन आधी एक प्रकाशगोळा सोडतो, आणि तो जळत असेपर्यंतच्या थोड्या वेळात सगळ्यांनी पाहून घ्यायचं. डोक्यावर जमीन. समोर जमीन. मधोमध दंडगोलाला आतून कड्यासारखा वेढा घातलेला समुद्र, तोही गोठलेला. मग गोळा विझतो. सतराव्या वर्षी त्या पानाशी मी दिवा बंद करून बसले होते. काळोखात डोळ्यांपुढे जे उरतं ते बघायला.

पहिल्यांदा वाचताना मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं होतं. बाहेरून २० किलोमीटर व्यासाचा, ५० किलोमीटर लांबीचा दंडगोल. आतली पोकळी १६ किलोमीटरची, म्हणजे त्रिज्या ८. स्वतःभोवती एक फेरी ४ मिनिटांत. यावरून आतल्या सपाटीवर माणसाला वजन किती वाटेल? उत्तर आलं पृथ्वीवरच्या वजनाच्या ०.५६ पट. निम्म्याहून थोडं जास्त. एवढी साधी आकडेमोड, पण उत्तर आलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण ते कुणी मला सांगितलेलं नव्हतं. मी स्वतः तिथे उभी राहून पाहिलं होतं. शाळेत ज्या सूत्राचा कंटाळा यायचा, तेच सूत्र दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं दार निघालं.

आणि तो समुद्राचा काठ! उत्तरेचा कडा ५० मीटर उंच, दक्षिणेचा ५००. पाणी तेच, तळ तोच, मग एकाच बाजूला एवढी उंच भिंत कशाला? पुस्तकातल्या माणसांना याचा उलगडा होतो तो क्षण मला आजही पहिल्यासारखा सुखावतो. हा दंडगोल नुसता वाहत आलेला नाही. त्याला वेग वाढवता येत असला पाहिजे. तो उत्तरेकडे जोरानं पुढे सरकला, की सगळं पाणी दक्षिणेकडे चढणार, आणि ते सांडू नये म्हणून ती भिंत. इंजिन कुणालाच सापडलेलं नाही, सापडणारही नाही. पण भांड्याच्या काठावरून ते हलणार आहे हे ओळखता आलं. बांधणाऱ्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही, तरी त्यांची काळजी त्या दगडात दिसते. आपलं पाणी सांडू नये, असं वाटणारे कुणीतरी.

तिनाचा खेळही तसाच. आत शिरायची दारं तीन, जिने तीन, समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे प्रकाशाच्या तीन तीन चऱ्या, पुढे दिसणारे कोळ्यासारखे जीव तीन पायांचे. नॉर्टनची माणसं एका बंद इमारतीची भिंत कापून आत जातात तेव्हा तिथे एक पोशाख दिसतो, आणि त्याच्या घडणीवरून अंदाज येतो, की घालणाऱ्याला हातही तीन असावेत. सबंध कादंबरीत मालकांच्या सर्वांत जवळ आपण जातो ते इतकंच. एका रिकाम्या कपड्यापर्यंत.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पितळी चाक ठेवलेलं असतं. तळहाताएवढं, कडेला दाते, मध्ये नाही पण मध्याभोवती सारख्या अंतरावर तीन भोकं. एक दाता तुटलेला. हे आजोबांच्या लोखंडी पेटीतून निघालं. ते गेल्यावर पेटी उघडली तेव्हा त्यात कागदपत्रं, दोन चष्मे, सुतळीचा गुंडा आणि तळाशी फडक्यात बांधलेलं हे चाक. आईचं म्हणणं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळातलं असेल. काका म्हणाले, घड्याळातलं एवढं जाड नसतं, कुठल्यातरी यंत्राचं असणार. आजोबा आयुष्यभर हिशेब लिहायचे, यंत्राशी त्यांचा काय संबंध? आणि फडक्यात का बांधलं? नुसतं टाकून दिलेलं नव्हतं, गाठ मारून जपलेलं होतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं. मी ते मागून घेतलं. दाते मोजले, चाळीस भरले. ते चाळीसच का, हे मात्र एकटं चाक सांगू शकत नाही. त्याच्याशी जुळणारं दुसरं चाक हवं.

कधी कधी मात्र चाक बोलतं. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ, समुद्रात बुडालेल्या एका जहाजातून १९०१ मध्ये पुतळ्यांबरोबर कांस्याचा एक गंजलेला गोळा वर आला. पाणबुडे होते स्पंज काढणारे. तो गोळा नंतर फुटला तेव्हा आत दाते दिसले. दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तूत घड्याळासारखी दातेरी चाकं! आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांत ३० चाकं ओळखू आली आहेत. २००५ मध्ये क्ष-किरणांनी त्याचे थरावर थर तपासले, आणि मोठ्या चाकांपैकी एकाचे दाते २२३ असल्याचं नक्की झालं. ग्रहणं साधारण अठरा वर्षांनी त्याच क्रमानं पुन्हा येतात, आणि त्या फेऱ्यात चांद्रमास असतात बरोबर २२३. कर्त्याचं नाव ठाऊक नाही, त्याचा चेहरा ठाऊक नाही. पण तो आकाशाकडे बघत होता आणि आपणही त्याच आकाशाकडे बघतो, म्हणून त्याचा आकडा आपल्याला वाचता आला. हे वाचलं त्या दिवशी मी आजोबांचं चाक हातात घेऊन बराच वेळ बसले होते. चाळीस. मला चाळिसाचं काही फिरणारं सापडलं नाही.

मग २०१७ आलं. १९ ऑक्टोबरला हवाईतल्या हालेआकाला इथल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला एक ठिपका दिसला. त्याचा मार्ग तपासून लोकांच्या लक्षात आलं, की हा आपल्या सूर्याच्या बंधनातला नाही, बाहेरून आला आहे. दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशातून आलेला, माणसाला दिसलेला पहिला पाहुणा. बातमीत आकार लिहिला होता: लांबुळका असावा. नावं सुचवली गेली त्यांत रामाही होतं, असं पुढे वाचलं. कादंबरीतही खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक-रोमन नावं वापरून संपलेली असतात आणि ते आपल्याकडच्या देवांपर्यंत पोचलेले असतात, म्हणून तो रामा. प्रत्यक्षात नाव ठेवलं गेलं ओउमुआमुआ. हवाईच्या भाषेतलं, दुरून सर्वांत आधी येऊन पोचलेल्या दूतासाठीचं.

त्या दिवसांत मी कुणाशी नीट बोलत नव्हते. सकाळी उठले की आधी त्याची बातमी. कादंबरीत माणसांना रामा पुरेसा आधी दिसतो, एक यान तरी वेळेवर पोचतं. इथे तो दिसेपर्यंत सूर्याला वळसा घालून, पृथ्वीजवळून पुढे निघूनही गेला होता. पाठमोराच दिसला म्हणायचं. डिसेंबरात एका प्रचंड रेडिओ दुर्बिणीचा कान त्याच्याकडे लावला गेला. काही ऐकू आलं नाही. जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तो इतका अंधुक झाला, की सर्वांत चांगल्या दुर्बिणींनाही दिसेना. सगळा मिळून अडीच महिन्यांचा सहवास. तो बहुधा खडक किंवा बर्फाचा तुकडाच होता. पुढे त्याच्या वेगात हिशेबापेक्षा किंचित भर पडलेली आढळली आणि त्यावर वाद झडले, पण त्या वादांत मला काही मागायचं नव्हतं. मला फक्त त्याला अजून थोडं बघायचं होतं. तो दिसेनासा झाल्याची बातमी वाचली तेव्हा मी रडले. घरातल्यांना मी डोळ्यांत काहीतरी गेलं असं सांगितलं, आणि ते खोटं सांगितल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यात लाजण्यासारखं काय होतं?

भाचीचं वाक्य आठवलं, की ते रडणं आठवायचं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की न कळण्यातच या पुस्तकाची गोडी आहे. वाचताना आपण लहान होतो, आपलं ओझं उतरतं, सगळं काही आपल्यासाठीच असलं पाहिजे हा हट्ट गळून पडतो. हे खरं आहे, आणि वाईट दिवसांत मला या पुस्तकानं सावरलंय ते यामुळेच. पण त्या मुलीनं भिंतीकडे तोंड केलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्या सगळ्याच्या तळाशी एक दुखरी जागा आहे, आणि मी तिच्यावरून पाय न टाकता पुढे जायला शिकले होते. कुणी दारावरून जावं आणि दाराकडे बघूही नये. ती तेरा वर्षांची आहे. वर्गात मागच्या बाकावर बसते, फार बोलत नाही. तिला ते आधी कळलं.

पुस्तकातली एक जागा मी पूर्वी भरभर वाचून टाकायचे, ती या दिवसांत पुन्हा काढून वाचली. जिमी पाक नावाचा तरुण, पायांनी चालवायच्या हलक्या उडत्या सायकलवरून दक्षिणेच्या टोकाला जातो, कोसळतो आणि तिथे अडकतो. तिथल्या चौकोनी शेतांमध्ये त्याला एक फूल दिसतं. एकच. अख्ख्या त्या धातूच्या जगात एक फूल. आणि तो ते तोडतो. परत गेल्यावर दाखवायला, काहीतरी हाती लागलं म्हणायला. मला याचा नेहमी राग यायचा. आता वाटतं, तो तरी काय करणार होता? ज्यानं आपल्याकडे पाहिलं नाही त्याची काहीतरी खूण जवळ असावी, असं वाटणारच. आजोबांनी कुठूनतरी ते चाक असंच उचललं असेल का? फडक्याची गाठ सोडताना माझ्या बोटांना ती घट्ट लागली होती, एवढं आठवतं.

आणि आपण स्वतः निरोप पाठवायला निघालो तेव्हा किती धांदल केली! १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्या वेष्टनावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या, आपला सूर्य कुठे आहे याचा नकाशा, आणि युरेनियमचा एक छोटा थर, म्हणजे त्याच्या क्षयावरून सापडणाऱ्याला काळ मोजता यावा. पत्ता, तारीख, वाजवायची रीत, सगळं. व्हॉयेजर १ ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर गेलं आणि अजून चालतंय. ते कुणाला सापडेल याची शक्यता जवळजवळ नाहीच. तरी लिहिलं. हे मी भाचीला सांगायचं ठरवलं होतं, समजूत घालावी म्हणून. मग सांगितलं नाही. तिनं समजूत मागितली नव्हती.

महिन्याभरानं ती पुन्हा राहायला आली. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाटातल्या त्या पुस्तकाची जागा रिकामी दिसली. मी विचारलं नाही. इंग्रजी तिला अजून जड जातं; जेवताना मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायची आणि शब्द कुठला, यावरून ती जिन्यावर आहे की समुद्राशी, हे मला समजायचं. एका रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू होता तो अचानक विझला आणि थोड्या वेळानं पुन्हा लागला. प्रकाशगोळ्याचं पान असणार, असं मला वाटलं. असं कुणाला सांगता येत नाही, पण मी अंथरुणात उठून बसले होते.

परवा संध्याकाळी मी लिहीत होते. ती आली, माझ्या कागदांवरचं चाक उचललं. इतकी वर्षं ते तिथे आहे, तिनं कधी हात लावला नव्हता. तुटलेल्या दात्यावर बोट ठेवून तिनं मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते, एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. “चाळीस,” म्हणाली. मी मान हलवली. मग तिनं ते खिडकीकडे धरलं आणि तीन भोकांमधून पलीकडे पाहिलं. बराच वेळ.

“मावशी, याचे बाकीचे दोन कुठे असतील?”

मी पेन खाली ठेवलं. आजोबांची पेटी अजून माळ्यावर आहे. मी स्टूल आणायला गेले.